शाळा सुटल्यानंतरचे दोन तास

मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण शाळेविषयी बोलतो, फार तर शिकवणीविषयी बोलतो. शाळा सुटल्यापासून रात्री जेवायला बसेपर्यंत मुलाचा जो वेळ जातो, त्याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. ज्या घरात मुलाला स्वतंत्र कोपरा आहे, आईवडिलांपैकी एकजण तरी संध्याकाळी घरी असतो, त्या घरात हा वेळ आपोआप सत्कारणी लागतो. मूल प्रश्न विचारते, कोणीतरी उत्तर देते, कपाटात एखादे पुस्तक असते. आपल्या बहुतेक सभासदांची घरे अशी नाहीत. मुंबईतील बी. डी. डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तीत दोन पिढ्या, कित्येक ठिकाणी तीन पिढ्या वाढल्या. त्या चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहू लागल्या आहेत, परंतु झोपडवस्तीतील खोली त्याहूनही लहान असते आणि संध्याकाळी त्याच खोलीत स्वयंपाक, दूरदर्शन संच, पाहुणा आणि आजारी माणूस हे सारे एकत्र नांदतात. वरळीच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक ‘अभ्यास गल्ली’ म्हणून ओळखतात. घरी जागा नाही म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी तेथे अभ्यास केला. त्या गल्लीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण त्या गल्लीत जाऊन बसतो तो मोठा विद्यार्थी, ज्याला आपण कशासाठी शिकतो आहोत हे कळलेले आहे. तिसरी-चौथीतले मूल तेथे जाऊन बसत नाही. ते जिन्यावर बसते.

त्या जिन्यावरच्या मुलांसाठी आमच्या शिक्षण समितीने संस्थेच्या सभागृहात संध्याकाळचा वर्ग सुरू केला. त्यात काय केले, काय फसले आणि काय टिकले, हे सभासदांसमोर व विशेषतः वर्गात शिकवू इच्छिणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अशा वर्गाला लोक शिकवणी म्हणतात, अभ्यासिका म्हणतात, संस्कारवर्गही म्हणतात. पण या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. शिकवणीत शाळेचाच धडा पुन्हा घेतला जातो. अभ्यासिकेत जागा, दिवा व शांतता मिळते. शिकायचे ज्याचे त्याने. आम्हाला जे अभिप्रेत आहे ते यांहून निराळे आहे. शाळेत जे शिकवले जाते ते मुलाच्या हाताला, डोळ्याला व जिभेला भिडावे म्हणून करावयाची कामे, असे त्याचे वर्णन करता येईल. वाचन, मोजमाप, प्रयोग, नाटक, लेखन, खेळ हे सारे त्यात येते. यासाठी ‘पूरक उपक्रम’ असा शब्द शिक्षण खात्याच्या कागदपत्रांत आढळतो. शब्द बोजड आहे, पण चालेल.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतील दिवस आठवावेत. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत संसार, आणि अभ्यास रात्री. वडील रामजी सुभेदार जागे राहून रात्री दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासाला उठवीत. ही हकिकत आपण भाषणांतून नेहमी सांगतो. मात्र त्याच दिवसांतली दुसरी हकिकत तितक्या जोराने सांगत नाही. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. त्याच बागेत विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. वाचत बसलेल्या या मुलाकडे त्यांचे लक्ष गेले, त्यांनी चौकशी केली आणि ते त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. आता विचार करावा की केळुसकर हे त्या मुलाच्या शाळेतले शिक्षक नव्हते. त्यांनी शिकवणी घेतली नाही, परीक्षा घेतली नाही. शाळा सुटल्यावर, शाळेच्या बाहेर, एका मोठ्या माणसाने एका मुलाची दखल घेतली आणि त्याच्या हाती पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुस्तक ठेवले. आमच्या मते पूरक शिक्षणाची याहून चांगली व्याख्या सापडणार नाही.

पुढे २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सोलापूरच्या वसतिगृहाचा उल्लेख सर्वत्र होतो. त्याबरोबर सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि तरुणांसाठी हॉकीचा संघही काढला, हे थोड्यांना माहीत असते. विद्यार्थ्यांचे ‘सरस्वती विलास’ हे मासिकही निघत असे. वाचनालय, खेळ आणि मुलांचे स्वतःचे लेखन. शंभर वर्षांनंतर आम्ही वर्गाचे वेळापत्रक करायला बसलो, तेव्हा फिरून फिरून याच तीन गोष्टींपाशी आलो.

परंतु एकदम आलो नाही. आमची पहिली चूक येथे सांगितली पाहिजे. सुरुवातीचे चार-पाच महिने आम्ही वर्गात फक्त गृहपाठ करून घेतला. पालकांची मागणी तीच होती, आम्हालाही ते सोपे वाटले. मुले वह्या आणत, आमचे स्वयंसेवक उत्तरे सांगत, मुले उतरवून घेत. कित्येक मुले गाईड घेऊन येत, त्यांना तर आमचीही गरज नव्हती. वह्या भरल्या, शिक्षकांचे ‘उत्तम’ असे शेरे आले, आणि आम्ही समाधानात होतो.

एके दिवशी सहावीतला एक मुलगा मराठीचा धडा मोठ्याने वाचत होता. वाचन अस्खलित. शेजारी बसलेल्या आमच्या एका ताईंच्या लक्षात आले की त्याचे बोट पानाच्या मध्यावर आहे आणि तोंडी वाक्य पानाच्या तळातले आहे. त्यांनी पान उलटले, तरी तो मागच्याच पानाचा मजकूर म्हणत राहिला. त्याला वाचता येत नव्हते. वर्गात इतरांचे ऐकून त्याने धडाच्या धडा पाठ केला होता. ज्याची स्मरणशक्ती इतकी दांडगी, तो मुलगा बुद्धीने कमी असेल असे कोण म्हणेल? पण सहा वर्षे शाळेत जाऊन त्याला अक्षरओळख अर्धवट होती आणि हे त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. आम्हीसुद्धा चार महिने त्याला उत्तरे उतरवून देत होतो, म्हणजे त्याचे गुपित सांभाळायला मदतच करीत होतो.

त्या रात्री आम्ही गृहपाठ बंद केला आणि सर्व मुलांचे वाचन तपासायचे ठरवले. यासाठी अवघड साधन लागत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५ सालापासून वापरली जाणारी पद्धत कोणत्याही बारावी झालेल्या कार्यकर्त्याला अर्ध्या तासात शिकता येते. एका कागदावर सुटी अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मुलाला जवळ बसवून, एकट्याला, हळूच वाचायला सांगायचे. जिथे अडेल तिथे त्याची पायरी. एका मुलाला पाच मिनिटे पुरतात. इयत्ता विचारायची नाही. आमच्याकडे दुसरीची गोष्ट न वाचता येणारी मुले पाचवी-सहावीत निघाली, एक-दोन नव्हे, पुष्कळ. मुलाला खालच्या इयत्तेत ठेवायचे की वर ढकलायचे हा वाद सरकारदरबारी पुष्कळ वर्षे चालला आहे. त्यात आम्हाला पडायचे नाही. पण मूल कोणत्या पायरीवर आहे हे कोणालाच माहीत नसणे, हे दोन्ही पक्षांनी मान्य करण्यासारखे संकट आहे.

मग इयत्तेनुसार गट मोडले आणि पायरीनुसार गट केले. हाही शोध आमचा नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रमाची पाहणी झाली. मागे पडलेल्या मुलांच्या लहान गटाला वस्तीतीलच एक तरुणी रोज सुमारे दोन तास मूलभूत वाचन व गणित शिकवी. तिच्याकडे अध्यापनाची पदविका नव्हती. तरीही गुणांत निश्चित सुधारणा दिसली आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वांत अधिक लाभ झाला. ही पाहणी करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो यांना पुढे २०१९ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या वर्गात शिकवणाऱ्या मुलींना आम्ही ही हकिकत मुद्दाम सांगतो. कारण ‘आम्ही कुठे डी. एड. आहोत’ ही त्यांची पहिली शंका असते.

आता प्रत्यक्ष उपक्रमांकडे वळू. सगळ्यांची यादी देण्यात अर्थ नाही. चित्रकला, रांगोळी, गाणी हे सर्व वर्गांत होते, आमच्याकडेही होते. ज्या दोन-तीन कामांनी वर्गाचे रूप बदलले तेवढीच सविस्तर सांगतो.

पहिले काम मोजमापाचे. गणिताची भीती घालवायची म्हणून आम्ही मुलांना खडू व टेप दिली आणि सभागृह मोजायला लावले. आधी पावलांनी, मग वितींनी, मग टेपने. प्रत्येकाचे उत्तर निराळे आले आणि त्यातूनच एकसारखे माप का लागते हे न शिकवता कळले. क्षेत्रफळ समजावे म्हणून सभागृहाच्या फरशीवर दहा फूट बाय सोळा फुटांचा आयत आखला, म्हणजे चाळीतली खोली. मुले आयतात जाऊन उभी राहिली, मोरी कुठे, ओटा कुठे, कोण कुठे झोपते हे दाखवू लागली. रंगत आली. तेव्हा आमच्यातील एका उत्साही कार्यकर्त्याने सांगितले, ‘‘आता प्रत्येकाने आपापले घर आखा.’’ एक मुलगी खडू हातात धरून तशीच उभी राहिली. तिचे घर त्या आयताच्या निम्मेही नव्हते आणि ते सर्वांसमोर फरशीवर आखायची तिची तयारी नव्हती. आमची चूक तत्काळ लक्षात आली. तेव्हापासून आम्ही शाळेचा वर्ग आखतो, क्रिकेटची खेळपट्टी आखतो, रेल्वेचा डबा आखतो. मुलांची घरे आखीत नाही. मुलाच्या जीवनाशी जोडलेले शिक्षण हवे हे खरे, परंतु ते जोडताना मुलाची लाज चव्हाट्यावर येणार नाही याचे भान पुस्तकांत लिहिलेले नसते.

दुसरे काम सावलीचे. हे सुट्टीत किंवा सकाळच्या पाळीची मुले दुपारी मोकळी असतात तेव्हा करावे. बादलीत वाळू भरून त्यात सरळ काठी रोवायची, बादली गच्चीवर सपाट जागी ठेवायची आणि बारा ते एक या वेळेत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करायची. सावली सर्वांत आखूड केव्हा होते? आधी सर्वांना विचारावे. मुले म्हणाली, बारा वाजता. आम्हीही तेच म्हणालो असतो. मे महिन्यात मुंबईत ती सर्वांत आखूड होते सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी. मुलांना वाटले घड्याळ चुकले. दुसऱ्या दिवशी दुसरे घड्याळ आणले, उत्तर तेच. मग नकाशा उघडला. आपल्या घड्याळातली वेळ ही साऱ्या देशाची प्रमाणवेळ आहे. ती उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबई त्र्याहत्तर अंशांच्या किंचित अलीकडे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. गुणाकार मुलांनीच केला, अडतीस मिनिटांच्या आसपास उत्तर आले. उरलेला तीन-चार मिनिटांचा फरक पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फिरण्यामुळे पडतो आणि ऋतूनुसार बदलतो, एवढे सांगून आम्ही थांबलो. नागपूरला हाच प्रयोग मे महिन्यात केला तर सावली बारा-दहाच्या सुमारास आखूड होईल. कोणाचे मामा नागपूरला असतील तर त्यांच्याकडून करवून घ्यावा.

या प्रयोगाला आणखी एक गोडी आहे. मुंबईत १५ मे च्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावलीच नाहीशी होते. जुलैत ढग असतात, म्हणून मे महिन्यातला दिवस धरावा. ज्या वर्षी आम्ही हा दिवस साधला, त्या वर्षी गच्चीवर मुलांपेक्षा पालक अधिक होते. एका निवृत्त गिरणी कामगारांनी स्वतःच्या सावलीकडे पाहिले, ती पायाखाली गोळा झाली होती. ‘‘इतकी वर्षे या उन्हातून गेलो, पण खाली बघितलं नव्हतं,’’ असे ते म्हणाले.

आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून आकृत्या बनवण्याचा उपक्रम आता पुष्कळांना माहीत आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमातून (१९७२ ते २००२) अशा स्वस्त साहित्याच्या प्रयोगांना चालना मिळाली आणि अरविंद गुप्ता यांनी ते पुस्तकांतून व पुण्याच्या ‘आयुका’तील मुलांच्या विज्ञान केंद्रातून घरोघर पोचवले. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो. त्यात तिरपी काडी घातली की घट्ट होतो. एवढे झाल्यावर मुलांना मान वर करून सभागृहाच्या पत्र्याखालच्या लोखंडी कैच्या पाहायला सांगावे. ‘‘सगळे त्रिकोणच आहेत!’’ असा आरडाओरडा झाला नाही, तर समजावे की आपण बोललो जास्त आणि त्यांना करू दिले कमी.

तिसरे काम भित्तिपत्रकाचे, आणि आमच्या मते ते सर्वांत मोलाचे. वर्गातील मुलांनी वस्तीतील वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारायचे, ऐकलेले लिहून आणायचे, आणि दर पंधरा दिवसांनी ते मोठ्या कागदावर उतरवून सभागृहाच्या भिंतीवर लावायचे. पहिला विषय होता ‘मुंबईत कसे आलात?’ कोणी १९८२ च्या गिरणी संपाआधीचा काळ सांगितला, कोणी संपानंतरचे हाल सांगितले. चौथीतल्या एका मुलीने आपल्या आजीचे लिहून आणले. आजी १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून आलेली. तिने खडी फोडण्याचे काम, सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरी यांविषयी सांगितले होते. नातीने ते आजीच्या तोंडचे जसेच्या तसे लिहिले, ‘आमी’, ‘व्हतं’, ‘न्हाई’ यांसह.

आमच्या एका स्वयंसेवकाने लाल पेन घेतले आणि सारे ‘शुद्ध’ केले. हेतू चांगलाच होता. पुढच्या पंधरवड्यात त्या मुलीने काही आणले नाही. विचारल्यावर एवढेच म्हणाली, ‘‘दादा, ते आजीचं राहिलंच नाही ना.’’ तिला जे कळले ते आम्हाला समजावून घ्यायला एक बैठक लागली. आता भित्तिपत्रकात बोललेले शब्द बोलल्यासारखेच राहतात, आणि त्याच मजकुराचे पुस्तकी भाषेत रूपांतर करणे हा वेगळा खेळ म्हणून घेतला जातो. ‘व्हतं’ चे ‘होते’ करताना मुले हसत हसत व्याकरण शिकतात, कारण चूक दाखवली जात नसून एका भाषेतून दुसरीत जायचे असते.

याचा अभ्यासाशी काय संबंध, असे काही सभासद विचारतात. त्यांच्यासाठी एक दाखला. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) १९८० च्या दशकात प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर शाळेबाहेर काम केले. ही मुले विज्ञानात मागे का पडतात याचा शोध घेताना असे आढळले की मोठा अडथळा बुद्धीचा नसून भाषेचा आहे. पाठ्यपुस्तकाची भाषा मुलाच्या बोलण्यापासून इतकी दूर असते की मूल कल्पनेपर्यंत पोचतच नाही, वाटेत शब्दांतच अडकते. प्रयोग, प्रश्न व भाषेचा सराव मिळाल्यावर त्याच मुलांची कामगिरी सुधारली. म्हणजे आजीचा मजकूर पुस्तकी मराठीत नेणारे मूल विज्ञानाच्या धड्याचीच पूर्वतयारी करीत असते.

व्यवस्थेविषयी थोडे. संध्याकाळी सहाला येणारे मूल भुकेले असते. शाळेत दुपारी खिचडी मिळालेली असली तरी. मूठभर चुरमुरे-शेंगदाणे किंवा गुळाचा खडा आधी द्यावा, पुस्तक नंतर. आम्ही हे आधी केले नाही आणि मुलांचे लक्ष लागत नाही अशी तक्रार करीत राहिलो. वर्गात नेहमी दोन मोठी माणसे हजर असावीत, एकटे कोणी नसावे; मुलांच्या सुरक्षिततेसाठी २०१२ चा कायदा आहेच, पण कायद्याआधी शिस्त हवी. मोबाईल दाराशी टोपलीत. कोरोनाच्या काळात, मार्च २०२० नंतर शाळा बंद पडल्या, तेव्हा मोबाईल हीच शाळा झाली होती आणि ज्या घरात एकच मोबाईल, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्या घरची मुले किती मागे गेली ते आम्ही पाहिले आहे. म्हणून मोबाईलला आम्ही शत्रू मानत नाही. पण या दोन तासांत तो नको.

मुलींचा प्रश्न वेगळा. दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ असतो. ‘भाऊ घरी ठेवून ये’ असे सांगितले की ती येत नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला काम करताना हे फार पूर्वी ओळखले होते. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणातच शाळा नेली. आम्ही एवढेच केले की एका कोपऱ्यात सतरंजी टाकून लहान भावंडांना ठोकळे दिले. मुलींची संख्या त्यानंतर वाढली. ठोकळे सुताराकडच्या उरलेल्या लाकडाचे, पालिश कागदाने घासलेले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. आपले सभागृह लग्नसराईत भाड्याने जाते. त्या भाड्यावर वीजबिल, रंगरंगोटी, वर्षाचे कार्यक्रम चालतात, हे आम्ही नाकारीत नाही. समितीचे चुरमुरेही त्याच पैशांतून येतात. मागच्या लग्नसराईत वर्ग जवळजवळ दोन आठवडे सलग बंद राहिला. दाराला कुलूप, बाहेर मांडव. पुन्हा सुरू झाला तेव्हा जी मुले परत आली नाहीत, त्यांत तो सहावीतला मुलगा होता. तोपर्यंत तो शब्द सोडून परिच्छेदावर आला होता. क्रिकेटच्या बातम्यांचे मथळे कापून भित्तिपत्रकात चिकटवण्याचे काम त्याच्याकडे होते आणि मथळे तो स्वतः वाचून निवडीत असे. आम्ही त्याच्या घरी गेलो. तो संध्याकाळी एका खाण्याच्या गाडीवर पाणी भरायला जाऊ लागला होता. आम्ही त्याच्या आईला वर्गाचे महत्त्व सांगू लागलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘दादा, दार तुमीच लावलं होतं ना? पोरगं चार दिवस जाऊन परत आलं.’’

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. त्या मुलाला परत आणण्याचा प्रयत्न चालू आहे; रविवारी सकाळी तो येतो, कधी येत नाही.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही एक ठराव ठेवीत आहोत. सभागृह भाड्याने द्यावे, त्याला आमचा विरोध नाही. परंतु सभागृहाच्या मागे जी खोली आहे, जीत मोठी पातेली, जुन्या सतरंज्या, बंद पडलेला ध्वनिक्षेपक आणि तीन वर्षांपूर्वीचे फलक ठेवले आहेत, ती रिकामी करून वर्गाला कायमची द्यावी. आम्ही ती मोजली आहे, म्हणजे मुलांनी मोजली आहे: बारा फूट बाय अठरा फूट. पंचवीस मुले दाटीवाटीने बसतील. तिला गल्लीच्या बाजूने स्वतंत्र दार आहे, त्यामुळे पुढे मांडव असला तरी वर्ग चालू शकतो. पातेली ठेवायला जिन्याखालची जागा पुरेल. तिचेही माप मुलांनी घेतले आहे आणि ठरावाला जोडले आहे. खोलीत एक दिवा व एक पंखा लागेल, त्याचा खर्च समिती वर्गणीतून करील. कुलपाची एक किल्ली कार्यालयात आणि एक वर्ग घेणाऱ्या ताईंकडे राहावी, असे ठरावात नमूद केले आहे. सध्या ती किल्ली कोणाकडे आहे याची चौकशी चालू आहे.